धार नसलेला ट्रेनर

मी आज जो काही आहे तो कोणामुळे, असं विचारलं तर मी आईवडिलांची क्षमा मागून आमच्या कंडक्टर काकांचं नाव घेईन. आणि आयुष्यात सगळ्यात जास्त ताप कोणी दिला, असं विचारलं तरी मला नाव बदलावं लागणार नाही. हिंगोली जिल्ह्यात त्यांच्याइतका शिस्तीचा माणूस दुसरा झाला नाही; झाला असेल तर तो त्यांच्या भीतीनं शेजारच्या वाशिम जिल्ह्यात राहायला गेला असेल. नात्यानं ते माझे कोणीच नाहीत. आमचा तांडा हिंगोली-वाशिम रस्त्यापासून थोडा आत आहे आणि काकांचं घर त्याच रस्त्यावर कनेरगाव नाक्याला. सकाळच्या लाल गाडीवर ते कंडक्टर होते आणि मी पाचवीपासून बारावीपर्यंत त्याच गाडीनं हिंगोलीला शाळेत जात होतो. तांड्यातून हायस्कुलात जाणारा मी पहिलाच. त्यामुळे माझ्यावर लक्ष ठेवणं ही सरकारनं खास आपल्यावर सोपवलेली कामगिरी आहे, अशी काकांची समजूत झाली होती. तसा कागद त्यांना कोणी दिला नव्हता, पण कागदाची वाट बघणारा तो माणूसच नव्हे. नापास झालो असतो तर त्यांनी मला भर रस्त्यात खाली उतरवलं असतं. मी शिकलो त्यात माझ्या हुशारीचा वाटा किती आणि या भीतीचा किती, हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.

काका रिटायर झाले तेव्हा डेपोनं त्यांना शाल आणि नारळ दिला आणि सुटकेचा नि:श्वास टाकला. काकांनी मात्र डेपो सोडला नाही. तो घरी आणला. ओसरीपासून स्वयंपाकघरापर्यंत त्यांनी एक दोरी ताणली आणि पलीकडच्या टोकाला पितळी घंटी बांधली. एक टोल म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. चहा हवा असला की दोन टोल, चहा पुरे झाला की एक. पाहुणे दारात उभे राहून बोलायला लागले की ते ओसरीवरून आवाज देत, "दारात उभं राहू नका, मधी जागा हाय." एका लग्नात पंगतीतल्या लोकांना त्यांनी "पुढं सरका, पुढं सरका" करत इतकं सरकवलं, की शेवटचे चार पाहुणे मांडवाच्या बाहेर उन्हात जेवले आणि त्यांनाच नवरीकडचे समजून कोणी वाढलं नाही. काकूंनी या कारभाराविरुद्ध कधी तक्रार केली नाही. एकदाच, भाजी निवडता निवडता, मला म्हणाल्या, "लेकरा, चाळीस वर्षं झाली ह्यांच्या गाडीत बसून. अजून माझा स्टॉप आला न्हाई."

पण या सगळ्यावर ताण म्हणजे त्यांचा चिमटा. तिकिटाला भोक पाडायचा तो लोखंडी चिमटा. नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत गाडीवर तिकिटाची मशीन आली आणि चिमटा सरकारजमा झाला. काकांनी हिंगोलीच्या भंगारवाल्याकडून दुसरा पैदा केला. त्यांचा उजवा हात रिकामा असा मी कधी पाहिलाच नव्हता. बोलताना टकटक, ऐकताना टकटक, विचार करताना जरा सावकाश टकटक. जे वाचून झालं त्याला भोक पाडायचं, हा त्यांचा नेम. घरातल्या जुन्या वर्तमानपत्रांना भोकं, लग्नपत्रिकांना भोकं, अंगणातल्या कडुलिंबाच्या खालच्या फांदीच्या पानांनासुद्धा भोकं. पानं त्यांनी कशी वाचली ते विचारायची सोय नव्हती. एकदा त्यांनी काकूंचं रेशन कार्ड वाचलं. त्यानंतर दोन महिने काकू तहसीलमध्ये चकरा मारत होत्या आणि तिथला कारकून ते भोक उजेडाकडे धरून विचारत होता, की हे कोणत्या योजनेत पाडलंय.

आता या माणसाची माझ्यावर जी मोठी करणी आहे ती सांगितली पाहिजे, कारण पुढचा सगळा घोळ तिथूनच निघाला. पाचवीत माझा बसचा पास काढायचा होता. अर्जावर पालकाची सही हवी होती. माझे वडील सकाळी फाट्यावर अंगठा पुढे करून उभे राहिले. काकांनी अर्ज बघितला, अंगठा बघितला आणि सांगितलं, "अंगठा चालत न्हाई आता. नवा नियम आलाय."

"मंग कसं करावं साहेब?" वडील म्हणाले. "मला लिवता येत न्हाई."

"नियमाला मी काय करू? सही शिका. तोवर लेकरू माझ्या जिम्मेदारीवर."

दुसऱ्या दिवसापासून आमच्या फाट्यावर गाडी जास्त वेळ थांबू लागली. काका दारातून वाकून जुन्या तिकिटाच्या पाठीवर एक अक्षर काढून देत आणि आदल्या दिवशीचं अक्षर तपासून घेत. आत गाडीभर माणसं, ड्रायव्हर इंजिन घुरघुरवत बसलेला, आणि खाली धुळीत माझे वडील कागद मांडीवर घेऊन. खिडक्यांतून सल्ले यायचे: "उकार खाली, दाजी, वर न्हाई." महिनाभरात वडील सही करू लागले. मग माझ्यामागून शाळेत निघालेल्या पोरांच्या बापांनाही तोच नियम लागू झाला आणि बघता बघता तांड्यातला शाईचा पॅड वाळून गेला. पुढे कॉलेजात असताना मी स्वतः एक तसाच अर्ज भरला. खाली स्वच्छ छापलं होतं: पालकाची सही किंवा अंगठा. मी तो कागद घेऊन थेट कनेरगाव गाठलं. काकांनी चष्मा लावून वाचला आणि शांतपणे चिमट्यानं भोक पाडून परत दिला. "छापणाराची चूक हाय," म्हणाले.

गेल्या वर्षी पोळ्याच्या सुमाराला काकांना लकव्याचा झटका आला. उजवी बाजू गेली. पाय पंधरा दिवसांत परत आला. वाचा तर दुसऱ्याच दिवशी आली आणि दवाखान्यातल्या सगळ्या नर्स एका ओळीत उभ्या राहायला शिकल्या. पण उजव्या हाताची बोटं आली नाहीत. ती पाच बोटं त्यांच्या मांडीवर दुसऱ्या कोणाचं तरी सामान सांभाळायला ठेवल्यासारखी पडून असत. चिमटा दाबायला गेले की तो सुटून खाली पडे. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला. "मी काय लहान लेकरू हाय का," म्हणून काकांनी तो तिसऱ्या दिवशी गल्लीतल्या कुत्र्यापुढे टाकला. कुत्र्याचा जबडा महिनाभरात चांगलाच मजबूत झाला.

मग एके दिवशी मला फोन आला. मी तेव्हा नांदेडला एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला लागलो होतो आणि अजून तिथंच आहे. काका दवाखान्यात नंबराची वाट बघत बसले होते आणि शेजारच्या माणसानं मोबाइलवर एक व्हिडिओ लावला होता. त्यात कोणीतरी बटरफ्लाय चाकू फिरवत होतं. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: त्याला दोन सुट्या मुठी असतात आणि पातं त्या दोन्हींच्या मध्ये दडलेलं असतं. मनगटाला झटका दिला की मुठी फुलपाखराच्या पंखांसारख्या उघडतात, पातं बाहेर येतं, पुन्हा झटका दिला की आत जातं, आणि दर वेळी आवाज होतो: टक, टक.

"हा तं माझाच चिमटा हाय, लेका," काका फोनवर म्हणाले. "नुस्ता लांब झालाय. व्हिडिओ पाहून माझा अंगठा आपोआप हलला. मला तो चाकू पाह्यजे."

काकूंनी फोन हिसकावून घेतला. "ह्यांना रगत पातळ करायच्या गोळ्या चालू हायेत. परवा दाढी करताना जरासं लागलं तं आख्खा टावेल भिजला. आन् आता चाकू खेळतो म्हणून राहिले. तूच सांग काहीतरी."

मागून काकांचा आवाज येत होता: "हट्टा गावच्या लोहाराला इचारलंय मी. गाडीच्या कमानपट्टीचा करून देतो म्हणाला. धार अशी, की केस कापला जाईल."

ज्या माणसाच्या डोक्यावर कापायला केस शिल्लक नाही त्याला केस कापणारी धार कशाला हवी, हे मी विचारलं नाही. लोहाराला थांबवणं महत्त्वाचं होतं. शिवाय असला खरा चाकू खिशात घालून काका हिंगोलीच्या बसस्टँडवर गेले असते आणि पोलिसालाच "पुढं सरका" म्हणाले असते. मी त्यांना शब्द दिला, की लोहाराकडे जाऊ नका, मी बघतो. आणि मग मी, ज्यानं घरात आजवर कांदा चिरण्यापलीकडे सुरीला हात लावला नव्हता, तो चाकूचा अभ्यासक झालो. ग्रंथालयात पुस्तकं मागायला येणाऱ्या मुलांना मी चार दिवस बोटानंच कपाटं दाखवली.

तेव्हा कळलं, की हे फिरवणं शिकणाऱ्यांसाठी मुद्दाम बिनधारेचा चाकू मिळतो आणि त्याला ट्रेनर म्हणतात. पण ट्रेनर म्हटलं म्हणजे सगळे गरीब स्वभावाचे नसतात. काहींना धार नसते पण कड पातळ असते, ती बोटावर जोरात बसली तर कातडी सोलते. काहींचं टोक तसंच अणकुचीदार ठेवलेलं असतं, म्हणजे कापायचं नाही पण खुपसायला हरकत नाही. प्लास्टिकचे इतके हलके, की सुन्न बोटांना हातात काही आहे याचा पत्ताच लागू नये. एकात पात्याच्या जागी कंगवा होता. तो मला सर्वांत सुरक्षित वाटला, पण काकांच्या टकलाचा तो अपमान झाला असता. आधी मी नांदेडच्या एका व्यायामाच्या सामानाच्या दुकानात जाऊन गंभीरपणे विचारलं, की ज्यानं काहीच कापत नाही असा चाकू आहे का. दुकानदार म्हणाला, "साहब, ऐसा चाकू तो हमारे घर में हैच. बीवी रोज सुनाती मेरे को." शेवटी एक ऑनलाइन मागवला आणि आधी स्वतःकडे ठेवून तपासला. पोलादी, हाताला वजन जाणवेल असा. टोक गोल. दोन्ही कडा शाळेतल्या पट्टीसारख्या जाड. पात्यात लांबट खाचा, म्हणजे लांबून बघणाऱ्यालाही कळावं की हे शस्त्र नव्हे. मुठी स्क्रूवर बसवलेल्या, ढिल्या झाल्या तर आवळता येतील अशा. मी तो टोमॅटोवर चालवून पाहिला. टोमॅटो फक्त दुखावला गेला. मग माझ्या दंडावर, मग गालावर ओढून पाहिला. खात्री पटल्यावर कुरिअरनं पाठवून दिला आणि काकांना फोन केला. हा फोन मला आजही आठवतो, कारण आम्ही दोघंही अगदी शुद्धीवर होतो आणि तरी असं झालं.

"काका, ट्रेनर मिळाला. धार अजिबात नाही."

"बराबर हाय. लई तेज मानूस उगं भांडतो."

मला वाटलं काकांचा विनोद चाललाय. "वजनाला थोडा जड आहे."

"खाऊनपिऊन असंन. उगं काडी पैलवान काय कामाचा?"

"त्याचे स्क्रू मधूनमधून ढिले होतात म्हणे. लक्ष ठेवा."

"इथं कोणाचे घट्ट हायेत, लेका? येऊन कवा राहिला?"

"सोमवारपर्यंत पोचेल."

"भाकर खातो का चपाती?"

हा प्रश्न मी ऐकला आणि समजलो, की काका काकूंशी बोलतायत. मी फोन ठेवला. शिकलेल्या माणसाचं डोकं सोयीचं तेवढंच ऐकतं, याचा हा पुरावा.

सोमवारी काय झालं ते काकूंनी मला इतक्या वेळा सांगितलंय, की आता ते मी पाहिल्यासारखंच झालंय. नांदेडहून हाताचा व्यायाम शिकवायला ट्रेनर येऊन राहिलाय, ही बातमी नाक्यावरच्या दोन्ही धाब्यांवर लागली होती. ओसरीत खाट टाकून नवी चादर अंथरली होती. भाकरी आणि चपाती दोन्ही केल्या होत्या, वर शिरा. काका गणवेशाचा जुना खाकी शर्ट घालून सकाळी आठपासून नाक्यावर उभे राहिले आणि उतरणाऱ्या प्रत्येक जाडजूड माणसाकडे आशेनं बघू लागले. दोघांना तर त्यांनी घरी न्यायचाही प्रयत्न केला. त्यातला एक खताचा एजंट होता आणि तो जवळजवळ आला होता. दुपारी मोटरसायकलवर कुरिअरवाला आला. अंगानं भरलेला, घामानं भिजलेला. त्यानं काकांचं नाव घेऊन विचारलं. काकांनी त्याचा हात डाव्या हातात धरला आणि म्हणाले, "या ट्रेनर साहेब. उशीर झाला. गाडी लेट होती का?"

"काका, मी पार्सल देतो," तो म्हणाला.

"देजा ना. आधी पाय धुवा."

त्याला खाटेवर बसवलं, पाणी दिलं, ताट वाढलं. चार शेजारी भिंतीला टेकून बसले. कुरिअरवाल्यानं दोनदा खुलासा केला, मग ताटाकडे पाहिलं आणि तिसऱ्यांदा केला नाही. शिरा संपत आल्यावर काकांनी आपला उजवा हात त्याच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "आता पाहा. कुटून सुरुवात करता?" तेव्हा त्या भल्या माणसाला राहवलं नाही. त्यानं हात अलगद बाजूला ठेवून पार्सल पुढं केलं. "काका, ट्रेनर यात असंन. यावर तसंच लिवलंय."

पार्सल फोडलं. काकूच आधी बोलल्या: "वाढलंच हाय तं आता दोन घास भाताचे घ्या." काकांनी ती पोलादी वस्तू उलटीसुलटी पाहिली, पात्यावरून अंगठा ओढला आणि शेजाऱ्यांना सांगितलं, "नांदेडात राहून पोरगं बिघडलं. मानसाला आन् सामानाला एकच शब्द वापरून राहिलं."

पण ट्रेनर कामाला लागला. काकांनी आधी त्याच्या दोन मुठींची नावं ठेवली. जिला मिटल्यावर अडकवायची कडी आहे ते मागचं दार, दुसरं पुढचं दार. धरायचं नेहमी पुढच्या दारानं, कारण मागच्या दारानं धरून झटका दिला की पातं बोटांच्या पेरांवर येऊन आपटतं. धार नसली तरी लागतं ते लागतंच. मागच्या दाराला लाल चिकटपट्टी लावली. मग वेळापत्रक झालं: सातची फेरी, अकराची फेरी, साडेचारची फेरी. पहिल्या महिन्यात तो चाकू हातातून सुटून कुठे गेला नाही ते सांगणं सोपं आहे. वरणात गेला, देवळीत गेला, शेजारच्या अंगणात गेला. एकदा काकूंच्या पायावर पडला तेव्हा त्या म्हणाल्या, "धार नसलेला आणला म्हणून वाचले. खरा आसता तं एव्हाना मी आन् हे, दोघंबी हप्त्या-हप्त्यानं गेलो असतो." दुसऱ्या महिन्यात फोनवर काकांनी आवाज ऐकवला. टक. बराच वेळ काही नाही. टक. मी शाबासकी दिली. पाठोपाठ काकूंचा फोन: "डाव्या हातानं करून राहिले. तुला उजवा म्हणून सांगून राहिले." माझ्या शाळेच्या हजेरीबद्दल जन्मभर उलटतपासणी घेणाऱ्या माणसानं ही लबाडी करावी याचा मला केवढा आनंद झाला, काय सांगू. पण त्यांनी सोडलं नाही. पावसाळा येईतो उजव्या हातानं ट्रेनर उघडत होता आणि मिटत होता, सावकाश, म्हाताऱ्या फुलपाखरासारखा. धाब्यावरचे ड्रायव्हर चहा हातात घेऊन ओसरीपाशी बघायला थांबत आणि काका त्यांना मधी जागा आहे म्हणून आत सरकवत.

याच सुमारास माझं लग्न ठरलं. मुलगी आमच्याच कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करणारी. हिंगोलीला नोंदणी पद्धतीनं लग्न करायचं असं आमचं दोघांचं ठरलं. त्याला तीन साक्षीदार लागतात. दोन मित्र होते. तिसरी जागा कोणाची, याचा मी विचारही केला नव्हता, इतकी ती ठरलेली होती. मी मुद्दाम कनेरगावला जाऊन काकांना सांगितलं. त्यांचा चेहरा उजळला, आणि मग हळूहळू तो उजेड कोणीतरी कंदिलाची वात खाली करावी तसा खाली गेला.

"साक्षीदार म्हंजे सही आली," ते म्हणाले.

तेव्हा मला कळलं. चाकूला बिजागरी असते, तो वजनानं फिरतो, हातानं नुसती सुरुवात करून द्यायची असते. पेनाला बिजागरी नसते. पेन अजून त्यांच्या बोटांतून निसटत होतं. मी घाईघाईनं म्हणालो, "काका, त्यात काय एवढं? अंगठा चालतो. ऑफिसात भिंतीवर लिहिलेलंच आहे. तसा नियमच आहे."

तोंडातून शब्द गेला आणि मला आपली चूक कळली. काकांनी ट्रेनर मिटला, कडी लावली. "माझ्या गाडीत चालत न्हाई," म्हणाले. "तू दुसरा बघ." आणि ओसरीवरच्या दोरीला एकच टोल दिला.

पुढचे कितीतरी दिवस ते माझ्याशी बोलायला फोनवर आले नाहीत. काकू सांगत, की सकाळी दार लावून कागद घेऊन बसतात, काय लिहितात दाखवत नाहीत, आणि स्वयंपाकाच्या वेळी सगळे कागद चुलीत जातात. "आता चूल पेटवायला रॉकेल लागत न्हाई," त्या म्हणाल्या, पण हसल्या नाहीत. तारीख जवळ येत होती. माझे मित्र म्हणाले, तिसरा साक्षीदार काय, चहावालासुद्धा मिळेल. मिळाला असता. बोलून काही होत नव्हतं म्हणून मग मी जन्मात पहिल्यांदा काकांना पत्र लिहिलं.

आठवड्यानं पाकीट परत आलं. आत माझंच पत्र. दुसरा कागद नाही, उत्तर नाही, पत्राला भोकसुद्धा नाही. मी ते टेबलावर टाकलं आणि दुपारभर पुस्तकांवर शिक्के मारत बसलो. संध्याकाळी घडी घालताना दिसलं, की अगदी शेवटच्या ओळीत निळी शाई आहे. मी लिहिलं होतं, तुम्ही आलात तर माझ्यावर फार मोठे उपकार होतील. त्यातले शेवटचे पाच शब्द खोडले होते. खोडताना दोन ठिकाणी कागद फाटला होता. वर दोन शब्द लिहिले होते, चढणीला लागलेल्या गाडीसारखे एका बाजूनं वर जाणारे, प्रत्येक अक्षर दुसऱ्यापासून हातभर लांब. झटक्यानंतर त्या हातानं लिहिलेलं पहिलं काही माझ्या हातात होतं आणि त्यातही मला दुरुस्त करणं चाललं होतं.

ते आले. खाकी शर्ट घालून, कंडक्टरच्या सीटवर बसून, काकूंना खिडकी देऊन. ऑफिसातल्या बाईंनी त्यांचा हात पाहिला आणि सवयीनं शाईचा पॅड पुढे केला. काकांनी तो डाव्या हातानं परत सरकवला, खिशातून ट्रेनर काढला आणि तीनदा उघडला, तीनदा मिटला. शिपाई दाराकडे गेला. बाई खुर्चीसकट मागे सरकल्या. "धार न्हाई त्याला, म्याडम," काका म्हणाले. "हात गरम करून राहिलो." मग पेन घेतलं. किती वेळ लागला ते मी पाहिलं नाही. मागच्या जोडप्यातला नवरदेव एकदा बाहेर जाऊन चहा पिऊन आला एवढं खरं. पूर्वी त्यांची सही एका झटक्यात व्हायची, शेवटी वळणावरच्या गाडीसारखी शेपटी मारून. ही तशी नव्हती. तिच्यात शेपटी नव्हती, अक्षरं सुटी होती, आणि एक मात्रा रकान्याच्या बाहेर जाऊन पडली होती. काकांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. "लेट हाय," म्हणाले, "पण लागली." ती जुनी सही त्यांना पुन्हा कधी आली नाही. ते आता तिचं नावही काढत नाहीत. टकटक मात्र दिवसभर चालू असते, आणि चिमट्यापेक्षा ट्रेनर बरा, कारण त्यानं रेशन कार्डाला भोक पडत नाही, असं काकू म्हणतात.

ते पत्र माझ्याकडेच आहे. खाली देतो. शेवटची ओळ त्यांनी दुरुस्त केली तशीच ठेवली आहे.

आदरणीय काकांना,

सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही येत नाही म्हणून लिहितो. अंगठ्याचं मी बोललो ते चुकलं. ज्या घरात तुमच्यामुळे अंगठा बंद झाला त्या घरच्या मुलानं तुम्हाला ते सांगायला नको होतं.

एक गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नाही. वडिलांनी पासच्या अर्जावर सही केली त्या संध्याकाळी त्यांनी घरी येऊन कोळशानं कणगीवर आपलं नाव लिहिलं. आई रागावली. त्यांनी पुसू दिलं नाही. दर दिवाळीला सगळं घर सारवतो, तेवढी जागा सोडून. ते अक्षर चांगलं नाही. उकार अजून वर आहे. पण आमच्याकडे आलेल्या कोणीही त्याला हसलेलं मी पाहिलं नाही, आणि वडील रोज कामाला निघताना त्याच्याकडे बघून निघतात.

म्हणून काका, तुमची सही कशी येईल याची मला काळजी नाही. ती पूर्वीसारखी यावी असं माझं काही म्हणणं नाही. एकच अक्षर झालं तर एकच. तिसऱ्या साक्षीदाराची जागा मी कोणाला दिलेली नाही आणि देणार नाही. या तारखेला जमलं नाही तर आम्ही दुसरी तारीख घेऊ. मुलीला विचारलं आहे. ती म्हणाली, थांबू.

काकूंना नमस्कार. स्क्रू आवळत जा.

तुमचा,
तांड्याच्या फाट्यावर चढणारा

ता. क. तुम्ही आलात तर बरं होईल.